ऐकणारं बाळ

बिल्ला पिवळ्या पुठ्ठ्याचा होता. मागे सेफ्टी पिन चिकटपट्टीनं चिकटवलेली, आणि पुढे लाल स्केचपेननं गोलगोल अक्षरांत लिहिलेलं, ‘ऐकणारं बाळ’. खाली एक कान काढला होता आणि तो उलटा होता, म्हणजे पाळी वर आणि वरची कड खाली. मी दिवसभर माणसांचे कानच तपासते, तोच माझा धंदा, त्यामुळे माझं लक्ष आधी त्या उलट्या कानाकडे गेलं आणि अक्षरांकडे मागाहून. “सगळ्या वर्गात असा एकच बिल्ला असतो,” माझ्या मुलीच्या बालवाडीच्या ताई फाटकात उभ्या राहून म्हणाल्या. “सात महिने झाले, पण हिचा एकदासुद्धा आवाज नाही. बसवलं की बसते, उठवलं की उठते. अशी सगळी मिळाली ना, तर दोन वर्ग एकटी सांभाळीन मी.” त्या हसल्या. आणि मीही हसले. आज इतके दिवस झाले तरी मला हे पचत नाही, की मीही हसले. “थँक्यू ताई,” असंसुद्धा म्हणाले, दप्तर खांद्याला अडकवलं, पोरीचं बोट धरलं आणि चालू लागले, आणि आठदहा पावलं गेल्यावर ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलं. एकदासुद्धा आवाज नाही. आमच्या तपासणीच्या खोलीत, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं, तिथे असं होतं कधीकधी. आवाज चालू असतो तेव्हा माणूस बटण दाबत नाही, तो बंद झाल्यावर दाबतो, आणि मग ओशाळून म्हणतो, आला होता हो, पण आला हे उशिरा कळलं.

भुंगी हे नाव तिच्या बापानं ठेवलं. खरं नाव चांगलं चार अक्षरी आहे, पण ते फॉर्म भरण्यापुरतं. दीड वर्षाची असताना तिची भुणभुण सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाही. सकाळी तिचं तोंड आधी उघडतं आणि डोळे नंतर. दात घासताना ब्रश तोंडात ठेवून बोलते, आणि समोरच्याला कळलं नाही असं वाटलं तर फेस पुसून पहिल्यापासून सांगते. मुंगीला गुडघे असतात का, आणि असतील तर ती रांगत का नाही. काल तू उद्या म्हणालीस तो उद्या म्हणजे हा आज का, मग कालचा आज कुठे गेला. तिचा बाप लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट वर गेली की खाली उरतो तो खड्डा कोणाचा, या प्रश्नावर त्यानं एकदा अर्धा तास घालवला होता आणि चहा निवून गेला होता. फाटकापासून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत मात्र ती गप्प असायची. हे मला माहीत होतं, रोज बघत होते. दमली असेल, असं मी रोज धरून चालले होते. दुकान ओलांडलं की गाडी सुरू. त्या दिवशीही दुकान ओलांडलं आणि ती म्हणाली, “आई, कान उलटा असला तर माणसाला बोलणं उलटं ऐकू येत असेल का गं?” आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कान उलटा आहे हे त्या अख्ख्या बालवाडीत या एका पोरीला दिसलं होतं. आणि सात महिने त्या खोलीत तिच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी तिला कोपऱ्यात घेऊन काय झालं गं म्हणून विचारलं नव्हतं. उलट बिल्ला टोचला होता.

ऐकणं. या शब्दावर माझा फार जुना राग आहे. आमच्याकडे दवाखान्यात आईबाप मुलांना घेऊन येतात, बाकावर टेकायच्या आत सुरू करतात, “हा अजिबात ऐकत नाही हो.” मला पहिला प्रश्न तोच विचारावा लागतो, “ऐकू येत नाही, की ऐकत नाही?” निम्मे लोक माझ्याकडे बघत राहतात. त्यांच्या लेखी दोन्ही एकच. ज्यानं कोणी एका शब्दाला ही दोन कामं लावून दिली त्याला स्वतःची मुलं नसावीत, किंवा फार असावीत. मग मी मुलाला त्या बंद खोलीत नेते, भिंतींना जाड स्पंज, दार लावलं की स्वतःचा श्वास मोठा वाटतो, आणि हेडफोन चढवून बारीक बारीक आवाज सोडते. एकदा एका मुलाचा आलेख इतका सुरेख आला, सगळे ठिपके वरच्या वर, की मीच खूश होऊन बापाला म्हणाले, कान एकदम उत्तम आहेत. तर तो गृहस्थ पडेल चेहऱ्यानं म्हणाला, “म्हणजे मशीन नाही लागणार?” नाही. “मग आता आम्ही करायचं काय?” त्याला यंत्रच हवं होतं. कानात बसवलं की पोरगं सांगितलं तसं वागेल असं काहीतरी. मी ही गोष्ट घरी हसून सांगितली होती, आणि नवराही हसला होता. आता चालता चालता ती आठवली तेव्हा हसू आलं नाही. आपल्या मुलीला असलं यंत्र बसवून झालंय, आणि आपण त्याची फी भरून पावती घेतोय, असं काहीसं वाटत राहिलं.

घरी येऊन मी तो बिल्ला काढला. पिन काढताना फ्रॉकचा धागा ओढला गेला. आईचा फोन आला तेव्हा माझा आवाज जड होता आणि तिनं तो लगेच पकडला, कारण तिचे कान अजून चांगले आहेत. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अगं, पोरीला बक्षीस मिळालं आणि तू रडत काय बसलीस? तू पण अशीच होतीस. मुलगी आहे की भिंत, कळायचं नाही.” हे तिनं कौतुकानं म्हटलं. ती नेहमी कौतुकानंच म्हणते. गुणी बाळ. हिचा काही त्रास नाही. कुणाच्याही घरी नेऊन बसवा, उठेपर्यंत खुर्चीतून हलणार नाही. आणि मला त्या खुर्च्या आठवतात, प्लास्टिकच्या विणीच्या, मांडीवर जाळी उमटायची, आणि ती जाळी किती चौकोनांची आहे ते मी मोजत बसायची, कारण बोलायचं नसायचं. घशात काहीतरी येऊन बसायचं. वाक्य असायचं ते. गिळलं की थोडा वेळ दुखायचं, मग जायचं. पुढे कॉलेजात गेले, नोकरीला लागले, लग्न केलं, तरी चारचौघांत काही बोलायची वेळ आली की अजून तिथेच दुखतं. कोणी विचारत नाही, कारण माझा काही त्रास नाही. फोन ठेवल्यावर मला भुंगीचा बालवाडीच्या पहिल्या आठवड्यातला एक खेळ आठवला. ती आरशासमोर उभी राहून हाताची घडी आणि तोंडावर बोट एकदम करून बघत होती. घडी घातली की बोट मोकळं राहत नव्हतं, बोट तोंडाशी नेलं की घडी सुटत होती. “आई, हे दोन्ही एकदम होतच नाही. ताईंना सांगायचं का?” आणि मी, कपड्यांच्या घड्या घालत, म्हणाले होते, “तसंच असतं ते.” किती पिढ्या मुलांना ही न होणारी गोष्ट करायला लावतायत, आणि एकीनं सरळ सांगितलं की होत नाही, तर तिला मिळालेलं उत्तर काय, तर तसंच असतं ते.

जेवताना मी जाहीर केलं, “उद्यापासून ती जाणार नाही.” नवऱ्यानं घास तसाच धरला. “मग?” “मी शिकवीन. घरी.” “तू?” “मी का नाही? चार वर्षांच्या पोरीला शिकवायला काय लागतं?” भुंगी बोलत होती, पाण्याच्या भांड्यात तिचं नाक केवढं दिसतं त्याबद्दल. मग तो म्हणाला, “लिफ्ट अडकली ना, की आतली माणसं एकामागून एक सगळी बटणं दाबतात. त्यानं ती सुटत नाही. फक्त नंतर प्रत्येक मजल्यावर थांबते.” “माझी मुलगी लिफ्ट नाहीये.” “मी आतल्या माणसांबद्दल बोलतोय.” यानंतर दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून येऊन बघते तर त्यानं गॅलरीत पडलेल्या जुन्या टेबलाचे पाय कापून, टोकं घासून, भुंगीच्या उंचीचं टेबल केलं होतं, आणि करवतीचा भुसा अजून तिच्या केसांत होता. पटलं म्हणून नाही केलं त्यानं, हे मला माहीत होतं. पण राग ठेवायला जागा उरली नाही, आणि त्याचाही मला थोडा राग आला.

बालवाडीत सांगायला गेले तेव्हा मधली सुट्टी होती. ताई फोन समोर धरून घसरगुंडीवरच्या मुलांचे फोटो काढत होत्या आणि फोन खाली न घेताच माझ्याशी बोलत होत्या. “घरी? घरी काय शिकणार ती? चार मुलांत मिसळायला नको?” मी म्हटलं, “सात महिन्यांत मिसळली का?” “मिसळेल हो. काही मुलं घुमी असतात. पण ऐकते ना सगळं! तुम्ही चांगलं ऐकणारं मूल काढून घेताय. न ऐकणाऱ्यांचे आईबाप बघा, हलवायला तयार नाहीत.” मी विचारलं, “ती बोलत नाही हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?” आता त्यांनी फोन खाली घेतला. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. “बोलत नाही ही काय तक्रार आहे का?” मग जरा दुखावून म्हणाल्या, “रोज फोटो पाठवते मी सगळ्या पालकांना. एकेकाचा वेगळा. चाळीस मुलं आहेत. एक दिवस उशीर झाला तर मेसेजवर मेसेज. फोटो नाही आला, फोटो नाही आला.” हे खरं होतं. मीही बघायची ते फोटो, दोन पेशंटच्या मध्ये, बाहेर पुढच्याचं नाव पुकारलं जात असताना. सगळ्या फोटोंत बाकीची मुलं इकडेतिकडे बघत असायची, आणि आमची भुंगी बरोबर कॅमेऱ्यात, ताठ, डोळा न हलवता. किती छान पोज देते, असं म्हणून मी ते दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही दाखवले होते. ताई चाळीस मुलांतल्या कुणाच्या तरी नाकाचं बघायला वळल्या आणि मी दाखला न घेताच निघाले, आणि मनातल्या मनात जे जे बोलले ते तिथे मोठ्यानं बोलले असते तर बरं झालं असतं. पण मी गुणी.

डॉक्टरांनी मला दवाखान्यात दुपारची पाळी दिली. नवरा पहाटे जाऊन दोनला परततो, म्हणजे सकाळ माझी, दुपार त्याची. तयारी मी अशी केली की कुणी नाव ठेवू नये. घरी शिकवणाऱ्या आयांचे लेख वाचले. त्यातल्या निम्म्या लिहीत होत्या की मुलाच्या मागे मागे जा, आणि उरलेल्या लिहीत होत्या की शिस्त पहिल्या दिवसापासून लावा, आणि मी दोन्हींखाली रेघा मारून ठेवल्या. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आकड्यांचा तक्ता, फळांचा तक्ता. एक जाड वही घातली आणि पट्टीनं रकाने पाडले : वेळ, विषय, उद्दिष्ट, निरीक्षण. शेजारच्या काकू डोकावून गेल्या, म्हणाल्या, “शाळेत नाही घालणार? मग करणार काय तिचं?” जणू उरलेलं कापड होतं. मला इतका चेव चढला की मी त्या दिवशी अजून एक तक्ता लावला. सोमवारी नऊला मी भुंगीचे केस बांधले, तिला त्या छोट्या टेबलाशी बसवलं, समोर वही उघडून बसले आणि म्हणाले, “चला, शाळा सुरू.”

आणि ती गप्प झाली. एक मिनिट आधी ती मला सांगत होती की टेबलाच्या कापलेल्या पायांना आता वर्षाला किती बोटं उंची येईल. “हे काय आहे?” मी तक्त्यावर पट्टी ठेवून विचारलं. काही नाही. “हे केळं आहे. म्हण बघू.” काही नाही. माझ्याकडे बघत होती, टक लावून, अगदी मन लावून. मला वाटलं आठवतेय. मी वहीत वेळ लिहिली, पुढचं चित्र घेतलं. काही नाही. गोष्ट वाचून दाखवली, कोल्हा कुठे गेला विचारलं, काही नाही. अकराला मी “सुटली शाळा” म्हणून वही मिटली, आणि खुर्चीवरून उतरता उतरता ती म्हणाली, “कोल्हा कुठे नाही गेला, तो पुस्तकाच्या पाठीमागच्या पानावर आहे.” दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. नऊ ते अकरा भिंत, अकरानंतर भुंगी. मी सगळं करून बघितलं. दवाखान्यात अगदी लहान मुलांसाठी एक युक्ती आहे, आवाज आला की वाटीत मणी टाकायचा. मी मणी आणले, लपून चमचा वाजवला, कागद चुरगळला, हळूच तिचं नाव घेतलं, तिनं एक मणी चुकवला नाही. कान उत्तम, ते काय मला माहीत नव्हतं? आठवड्याच्या शेवटी वही चाळताना दिसलं की निरीक्षणाच्या रकान्यात मी सहाही दिवस एकच लिहिलंय, ‘प्रतिसाद नाही’. हे आमचे कामाचे शब्द आहेत. सगळ्यात मोठा आवाज सोडूनही माणसानं बटण दाबलं नाही की आम्ही आलेखाखाली असं लिहितो, आणि पुढचा माणूस बोलावतो. माझ्याच अक्षरात, माझ्याच पोरीबद्दल, सहा वेळा.

नवव्या दिवशी माझा तोल गेला. दहा वाजले असतील. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन मांडले होते, तुला कोणता हवा एवढंच विचारलं होतं, आणि त्याचंसुद्धा उत्तर नाही, नुसते ते दोन डोळे. मी वहीवर हात आपटला. आकार टेबलावरून उडाले. “बोल ना! बोल की गं काहीतरी! एरवी मिनिटभर तोंड मिटत नाही तुझं, आणि मी विचारलं की मुकी होतेस? काय केलंय मी तुझं? त्या ताईंसाठी गप्प, माझ्यासाठीही गप्प? मी काय ताई आहे?” हा आवाज माझ्यातून निघतो हे मला माहीत नव्हतं. पलीकडे काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला. भुंगीचा खालचा ओठ थरथरला, पण ती रडली नाही आणि तिनं नजरही काढली नाही. मी पेन टाकलं. दोन्ही हातांनी डोकं धरलं, आणि मग काही करायचं उरलं नाही म्हणून तिच्याकडे बघत राहिले. तिच्या डाव्या भुवईत एक बारीकसा तीळ होता. तो मी या दिवसांत पाहिला नव्हता. मग ती हळूच म्हणाली, “आता बोलू?”

“कधीपासून तेच तर सांगतेय!”

“पण तू बघत नव्हतीस. वहीकडे बघत होतीस. माणसानं आपल्याकडे बघितल्याशिवाय बोलायचं नाही ना?”

“हे कोणी सांगितलं तुला?”

“तूच.”

मी सांगितलं होतं. बालवाडीत जायच्या थोडंच आधी, एक दिवस घरी कुणी नव्हतं म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं होतं. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, दोन्ही कान जवळजवळ गेलेले, आणि ही त्यांच्या पाठीमागे उभी राहून बडबडत होती, बाही ओढत होती, ते दचकत होते. मी तिला बाजूला घेतलं आणि नव्या माणसाला शिकवतात तसं नीट शिकवलं. ज्यांना ऐकू येत नाही ना, त्यांच्या समोर जायचं. ओरडायचं नाही, हात ओढायचा नाही. त्यांनी आपल्याकडे बघितलं की मगच बोलायचं. नाही बघितलं तर बघेपर्यंत थांबायचं, कंटाळायचं नाही. आणि ती गेली, त्यांच्या समोर उभी राहिली, ते पेपर वाचत होते तर पान संपेपर्यंत उभी राहिली, आणि त्यांनी मान वर केल्यावर मुंगीच्या गुडघ्यांचं विचारलं. म्हातारा खळखळून हसला होता. साडेतीन वर्षांची पोर आणि केवढी समज, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले होते.

“पण भुंगी, ताईंना ऐकू येतं.” “नाही येत,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “मी पहिल्यांदा दोनदा सांगितलं, त्यांना नाही ऐकू आलं. मग मी ओरडले नाही. समोर जाऊन थांबले.” “किती दिवस थांबलीस?” हा प्रश्न तिला कळला नाही. “त्या बघेपर्यंत,” ती म्हणाली. “पण त्यांच्या डोळ्यांवर फोन असतो.” मी विचारलं, “आणि मला? मला तर ऐकू येतं ना?” तिनं जरा विचार केला. खोटं बोलायची तिला अजून सवय नाही. “एरवी येतं,” ती म्हणाली. “शाळा सुरू झाली की नाही येत.”

मला उठून त्या फाटकावर जावंसं वाटलं, आणि चाळीस मुलांसमोर तो फोन हिसकावून घ्यावासा वाटला. सात महिने! सात महिने एक पोर तुमच्या समोर येऊन उभी राहते, शहाण्यासारखी, कुणाला त्रास न देता, आणि तुम्ही तिचा फोटो काढता, आणि मी तो बघून म्हणते काय छान पोज देते! ती पोज नव्हती, ती वाट बघणं होतं, रोजच्या रोज माझ्या फोनवर येऊन पडलेलं, तारीखवार, आणि मी ते अंगठ्यानं सरकवून पुढचा पेशंट आत घेतला. ताईंवर ओरडू तर त्यांच्यामागे मेसेजवर मेसेज पाठवणाऱ्यांत मीही होते. शिकवणाऱ्यावर ओरडू तर शिकवणारी मीच. दुसऱ्यांच्या कानांचं करता करता माझ्या घरात हे झालं, कुणाला चाहूल नाही लागली, आणि वर त्याला गुण म्हणून नाव मिळालं. आणि या रागाचं काय करायचं ते कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं. मी वही खाली जमिनीवर ठेवली. खुर्ची टेबलाच्या मागून ओढून तिच्या समोर घेतली, आमचे गुडघे एकमेकांना टेकले.

“ताईंनी बघितलं असतं ना, तर काय सांगायचं होतं तुला?” मी विचारलं. तिचा चेहरा बदलला. ती खुर्चीवरून उतरली, फ्रॉक सारखा केला. “तू ताई हो. खरी ताई. आणि बघायचं हं.” मी बघितलं. ती एक पाऊल पुढे आली, हात पाठीमागे बांधले, आणि मी कधी न ऐकलेल्या एका बारीक, शहाण्या आवाजात म्हणाली, “ताई, माझी खुर्ची ओली आहे. मी बसायच्या आधीपासूनच ओली आहे. मी नाही केली.”

बालवाडीच्या पहिल्या आठवड्यात एकदा तिचा फ्रॉक मागून ओला होता. डायरीत लिहून आलं होतं, ‘आज कपड्यांत शू केली, घरी सवय लावावी.’ मी फाटकातच, सगळ्या आयांच्या देखत, तिला म्हणाले होते, “एवढी मोठी झालीस, सांगायला तोंड नाही का तुला?” आणि उत्तराला न थांबता, रस्त्याकडे बघत, तिचा हात ओढत भराभर चालू लागले होते.

माझे डोळे भरून आले आणि मी पुसायला हात वर केला, तशी भुंगीनं तो हात धरून खाली केला. “ताई, इकडे बघा,” ती म्हणाली. “अजून खूप आहे.”